डॉक्टर वेसेलिना आणि पोटातली गोष्ट

वेसेलिनाच्या आईने गल्लीभर सांगून ठेवलं होतं, की आपली लेक हृदयाची डॉक्टर आहे. हे अगदीच खोटं होतं असंही नाही. वेसेलिनाच्या हातात आठवड्याला चार-पाच हृदयं यायची. ती त्यांचं वजन करायची, उघडून बघायची आणि इतक्या बारकाईने टिपणं लिहायची की सोफियातल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी शिकवणी लावावी. फक्त त्या हृदयांचे मालक कधी तक्रार घेऊन येत नसत, एवढाच काय तो फरक.

तक्रार घेऊन यायच्या त्या शेजारणी. बेलोव्रह हे डॅन्यूब नदीकाठचं गाव असं, की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाहून कुणीतरी विचारतं, सर्दी झाली का. रविवारी सकाळी वेसेलिना कॉफी प्यायला म्हणून खाली उतरावी, तर अंगणातल्या बाकावर चार बायका गळ्याची बटणं सोडून तयार बसलेल्या.

"आई, हे काय?"

"काही नाही गं. जरा छाती तपास त्यांची. दोन मिनिटांचं काम."

"आई, मी मेलेल्या माणसांची डॉक्टर आहे."

"हळू बोल!" आईने मागे वळून बघितलं. "कॉलेजात आधी जिवंत माणसाचंच शिकवलं ना तुला? का तेही विसरलीस?"

मग वेसेलिना नळी कानाला लावायची. तिचे हात बर्फासारखे गार असत, तोंडाने ती एक शब्द बोलत नसे, पण समोरच्या बाईकडे अशी टक लावून बघे की बाई विरघळूनच जाई. "इतक्या मायेने नवऱ्यानेसुद्धा बघितलं नाही हो कधी," असं एकजण आईला डोळे पुसत सांगून गेली. वेसेलिना त्या वेळी तिच्या यकृताच्या वजनाचा अंदाज बांधत होती.

ह्या धंद्यात ती पडली ती एका हसण्यामुळे. सोफियाच्या मेडिकल कॉलेजात चौथ्या वर्षाला असताना वॉर्डात एक म्हातारा दगावला. विभागप्रमुख साहेब तीन आठवडे छातीठोकपणे सांगत होते की हा न्यूमोनिया आहे, आणि जो कुणी वेगळं बोलेल त्याला वॉर्डाबाहेर काढत होते. शवविच्छेदनाला सगळा वर्ग टेबलाभोवती उभा राहिला. फुप्फुस उघडलं, तर न्यूमोनियाचा पत्ता नाही. मोठ्या रक्तवाहिनीत जळवेएवढी रक्ताची गुठळी अडकून बसलेली. साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग बिटासारखा लाल. त्या शांततेत वेसेलिना खळखळून हसली.

टेबलामागे उभ्या असलेल्या प्राध्यापक बाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला. ह्या बाई ठेंगण्या होत्या, सिगारेटी ओढून आवाज घोगरा झालेला.

"हसलं कोण?"

"मी."

"कशाला?"

"साहेब तीन आठवडे सगळ्यांवर ओरडत होते, बाई. आणि ह्या आजोबांनी तोंडातून शब्द न काढता त्यांना गप्प केलं."

बाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "उद्या साडेसातला माझ्याकडे ये. ॲप्रन स्वतःचा आण. आणि आजोबांची माफी माग. ते काही तुझ्या करमणुकीसाठी मेले नाहीत."

वेसेलिनाने माफी मागितली, आणि ती जी शवविच्छेदनाच्या तळघरात उतरली, आधी कॉलेजात आणि मग बेलोव्रहच्या इस्पितळात, ती जवळजवळ पन्नास वर्षं वर आलीच नाही म्हणायची.

लग्नाचं मात्र जमेना. जंगलखात्यातला एक इंजिनिअर आला. बोलायला गोड, हाताचं चुंबन घेऊन बसला. सूप येता येता त्याने सहज विचारलं, "तुम्ही इस्पितळात कुठल्या विभागात?" तिने सांगितलं. त्याने हळूच खिशातून रुमाल काढला आणि ओठ पुसले. मग पुन्हा पुसले. दुसरा हिशेबनीस होता, तो सूप अर्धं टाकून बस पकडायला पळाला. त्या वेळी बसच नव्हती. आईने दोन दिवस वेसेलिनाशी अबोला धरला. "खोटं बोलता येत नाही तुला एवढंसं?"

"त्याने विचारलं, आई."

"विचारलं म्हणून काय झालं!"

शेवटी जमलं ते ड्रायव्हिंगच्या मास्तरांशी. ल्युबेन हा माणूस गाडी चालवायचा म्हणजे नदीला पूर आल्यासारखी. गावात त्याच्या मोस्कविच गाडीचा आवाज आला की कोंबड्यासुद्धा कुंपणावर चढत. वेसेलिना त्याच्याकडे शिकायला आली आणि पहिल्या दिवशी गाडी ताशी पंधराच्या वर जाईना.

"बाई, पाय जरा दाबा. मागून घोडागाडी हॉर्न देतेय."

"चाळीसच्या वर वेग गेला की स्टीअरिंगने छातीचं हाड मोडतं."

"कुणाचं?"

"माझं. तुमचं डोकं काचेवर आपटेल. गेल्या महिन्यात ह्याच वळणावरचा एकजण माझ्याकडे आला होता. तुमच्याएवढाच उंच. तो दगड दिसतो ना? तिथे."

ल्युबेनने तो दगड बघितला आणि तिला न सांगता आपल्या बाजूचा ब्रेक लावला. पुढच्या वळणावर दुसऱ्या मेलेल्याची गोष्ट, पुलापाशी तिसऱ्याची. सहा महिन्यांत तिने त्याला गावातल्या एकेका चौकाची माहिती दिली. ती तीनदा परीक्षेत नापास झाली, आणि दर वेळी ल्युबेनला मनातून बरं वाटलं. चौथ्यांदा ती पास झाली तेव्हा तो टोपी हातात घेऊन तिच्या दाराशी उभा राहिला.

"वेसेलिनाबाई, तुमच्या नादाने मी हळू चालवायला लागलोय. लोक हसतात मला. पण अजून पन्नास वर्षं जगावं असं वाटायला लागलंय. एकट्याने काय करू मी एवढी वर्षं?"

तिच्या आईने त्याला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं. "ती काय काम करते, ठाऊक आहे ना तुला?"

"सगळं ठाऊक आहे, आई. चौकाचौकासकट."

"आणि तरी येतोस?" आईने छातीवर क्रॉसची खूण केली आणि राकियाची बाटली काढली.

सरकारी नोकरीत तिला त्रास दिला तो मेलेल्यांनी कधीच नाही, जिवंतांनी. त्या काळी सगळीकडे योजना असत. विटांच्या भट्टीची योजना, दुधाची योजना. एका वर्षी वरच्या कचेरीतून एक गृहस्थ बगलेत फायली घेऊन तिच्या तळघरात आले. रुमाल नाकाला लावून उभ्याउभ्याच म्हणाले, "कॉम्रेड डॉक्टर, गेल्या वर्षी तुमच्या विभागाने एकशे सत्याऐंशी प्रकरणं केली. यंदा आठ टक्के वाढ अपेक्षित आहे."

"कॉम्रेड, माल काही माझ्या हातात नाही."

"ही सबब सगळेच सांगतात. भट्टीवाले सांगतात माती नाही."

वेसेलिनाने फॉर्मवर लिहिलं, 'विभाग सज्ज आहे. नागरिकांचं सहकार्य मिळाल्यास उद्दिष्ट गाठता येईल.' तिला वाटलं, आता आपली नोकरी जाते. पण कुणीतरी न वाचताच त्याच्यावर शिक्का मारून परत पाठवलं. त्या हिवाळ्यात नदीसुद्धा गोठली, म्हातारेकोतारे पानांसारखे गळले, आणि वर्षअखेर वाढ अकरा टक्के निघाली. एक मेच्या कामगार दिनाच्या सभेत तिला लाल झेंडा आणि सहा कपांचा कॉफी सेट मिळाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग आपण कशाला टाळ्या वाजवतोय हे लक्षात आल्यावर हळूहळू थांबवल्या.

झेंडे गेले, कॉम्रेड गेले, पैशाची नावं तीच राहून किंमत गेली. वेसेलिना तिथेच होती. तिच्याबरोबर होती ती टायपिस्ट गिन्का. गिन्काची बोटं चपळ आणि जीभ त्याहून चपळ. आणि शहाण्णव सालच्या जानेवारीत क्रुशेन खेड्यातला मेतोदी त्यांच्या टेबलावर आला.

मेतोदी म्हणजे निवृत्त ट्रॅक्टरवाला, वय अडुसष्ट, पोट ट्रॅक्टरच्या चाकाएवढं. सात वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याच्या हृदयाची खोडी सांगितली, तेव्हापासून त्याची बायको स्टोयना त्याला बिनमिठाची उकडलेली कोंबडी घालत होती. शिवाय दुपारच्या जेवणाआधी रोज एक तास चालायचं, असाही हुकूम होता. पठ्ठ्या सात वर्षं रोज न चुकता तासभर चालायला गेला, पण पोट काही तसूभर कमी झालं नाही. त्या रविवारी तो फिरून आला, स्टोयनाने कोंबडी पुढे ठेवली, "भूक नाही गं," म्हणाला, आणि खुर्चीतच मान टाकली.

दुसऱ्या दिवशी त्याची धाकटी बहीण दाफिना सरकारी वकिलाच्या दारात बसली. "वहिनीने माझ्या दादाला विष घातलं. वाळवलेल्या मशरूमचं सूप करते ती. त्यातलंच एखादं विषारी असणार." साऱ्या क्रुशेनला ठाऊक होतं, की ह्या बहीणभावांमध्ये सात वर्षं बोलणं नव्हतं. आई-वडिलांच्या वाटणीतल्या अक्रोडाच्या झाडावरून वाजलं होतं. तरी भाऊ गेल्यावर बहिणीचं काळीज तुटलं, असं लोक म्हणाले. वकिलाने शवविच्छेदनाचा हुकूम काढला.

वेसेलिना टेबलाशी, गिन्का काचेच्या पलीकडे यंत्राशी. वेसेलिना सांगत होती आणि खटखट उमटत होतं.

"हृदयाच्या डाव्या रक्तवाहिनीत जुनं अरुंदपण, वीस एक वर्षांचं. त्यावर ताजी गुठळी. मृत्यूचं कारण हेच. आता जठर. भरपूर अन्न, जेवण होऊन तासभर झाला असावा."

"उकडलेली कोंबडी," गिन्का टाइप करायला निघाली.

"कोंबडी नाही. आंबवलेल्या कोबीची पानं, तांदूळ, खिमा…"

खटखट थांबली. "बाई, म्हणजे सारमी?"

"तू टाइप कर."

"करते हो. पण खिमा डुकराचा की मिसळलेला?"

"गिन्का!"

"तसं नाही बाई, पाप्रिका दिसते का तेवढं…" गिन्काने आवंढा गिळला. "मला राहवत नाही. सकाळपासून पोटात काही नाही आणि डब्यात आज माझ्याही सारमीच आहे. मी आले पाच मिनिटांत."

ती डबा घेऊन वर गेली. वेसेलिना हातमोजे काढून स्वतः यंत्राशी बसली आणि उरलेल्या दोन ओळी दोन बोटांनी बडवल्या. 'सुक्या आलुबुखाराच्या साली. मशरूमचा अंशही नाही.' अहवाल पाकिटात घातला, पाकीट वकिलाकडे गेलं, आणि वकिलाने प्रकरण मिटवलं. नैसर्गिक मृत्यू.

पण गिन्का संध्याकाळच्या बसने घरी गेली, आणि त्या बसमध्ये तिची मावसबहीण होती. दुसऱ्या दिवशी दुपारी क्रुशेनच्या पाण्याच्या टाकीपाशी बायका एकमेकींना सांगत होत्या, की मेतोदीच्या पोटात सारमी निघाली.

गुरुवारी सकाळी वेसेलिनाच्या खोलीत काळ्या कपड्यांतली एक छोटीशी बाई मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. स्टोयना.

"मावशी, तुमच्यावरचा आळ खोटा ठरलाय," वेसेलिना म्हणाली. जिवंत माणसाशी काय बोलावं हा तिच्यापुढे कायमचाच प्रश्न, म्हणून तिने आधी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "निर्धास्त घरी जा."

"ते राहू द्या हो. विष घातलं असतं तर मला नसतं का कळलं? मला एवढंच सांगा, सारमी कुणाच्या हातची?"

"हे मी कसं सांगणार?"

"बारीक बोटासारखी गुंडाळलेली होती, का मुठीएवढी?"

"मावशी, चावलेली होती."

"नीट चावलेली?" स्टोयनाचे डोळे भरून आले. "माझी कोंबडी तर दोन घासांत गिळून मोकळे व्हायचे. कुणाकडे तरी बसून सावकाश चावून चावून खाल्लं म्हणायचं."

आलुबुखाराचं वेसेलिनाने सांगितलं नाही. अहवालातली गोष्ट अहवालातच राहायची, हा तिचा नियम होता. पुढच्या गुरुवारी स्टोयना परत आली. "भात जास्त की खिमा?" त्याच्या पुढच्या गुरुवारी, "टोमॅटोचा रस होता का? असला तर बाई तरुण असणार. आमच्या वयाच्या कुणी टोमॅटो घालत नाही." वेसेलिनाने टेबलावरच्या कागदांत तोंड खुपसलं. तळघरात येणाऱ्यांपैकी ही एकच अशी होती, जी प्रश्न विचारत होती.

सहाव्या गुरुवारी स्टोयनाने पिशवीतून, मेलेल्याच्या नावाने वाटतात त्या गोड गव्हाची पुडी काढून पुढे ठेवली. "शनिवारी त्यांच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण आहे. तुम्ही यायचं. शेवटचं त्यांना तुम्हीच बघितलंत, तुमचा मान आहे. देवाशपथ, काही विचारणार नाही."

"जायलाच पाहिजे," ल्युबेन घरी म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या पेशंटच्या घरून बोलावणं आलंय."

शनिवारी दोघं क्रुशेनला गेली, ताशी चाळीसच्या वेगाने. दारावर मेतोदीचा फोटो असलेलं काळ्या चौकटीचं पत्रक नव्याने चिकटवलेलं. आत लांबलचक टेबलावर, भिंतीकडेने, झाकण घातलेली चौदा पातेली ओळीने मांडलेली. प्रत्येक पातेल्यामागे एकेक बाई उभी, हात पोटावर बांधून, शाळेत तपासणीला उभ्या राहिल्यासारखी. त्यांतलीच एक दाफिना, चेहरा सुजलेला. पाद्रीबाबांची प्रार्थना झाली, सगळ्यांनी मेतोदीच्या नावाने वाइनचे थेंब जमिनीवर सांडले, "देव त्याला क्षमा करो" म्हणून झालं. मग स्टोयनाने चमच्याने पेला वाजवला.

"डॉक्टरीणबाई, ह्या आमच्या गावातल्या चौदाजणी. मी म्हटलं होतं, काही विचारणार नाही. नाहीच विचारत. तुम्ही फक्त ओळीने चाखत जा. ओळखीची लागली की सांगा."

वेसेलिनाच्या हातात कुणीतरी काटा दिला. तिने काट्याकडे बघितलं, पातेल्यांकडे बघितलं, आणि चाळीस माणसांसमोर तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो मावशी, मी ती चाखली नव्हती हो!"

पाद्रीबाबांनी पेल्यात डोळे घातले. कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. आणि मग पातेल्यांमागून एकदम कालवा उठला.

"म्हणजे माझ्या सारमीवर संशय?"

"तुझ्या कशाला येईल? तुझी कुत्रं खात नाही."

"मेतोदीभाऊ माझ्या दारात पाऊल टाकत नव्हते!"

"टाकतील कसे, टोमॅटो ओततेस तू त्यात!"

ल्युबेनने वेसेलिनाच्या कोपराला हात लावला. "गाडी सुरू करू का?"

तेवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेले त्सोलोआजोबा बोलले. वय शहाऐंशी, कानाने ठार बहिरे. हा सगळा गोंधळ त्यांच्या गावीही नव्हता. प्रार्थना चालू असतानाच त्यांनी जवळच्या पातेल्यातल्या तीन सारम्या उडवल्या होत्या. "दाफिने," ते बहिऱ्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "ह्या खेपेला सुके आलुबुखार विसरलीस की गं! आलुबुखार नाही तर तुझ्या सारमीत राहिलं काय?"

वेसेलिनाची मान झटकन दाफिनाकडे वळली.

बास, तेवढंच. पण ज्या बाईने तीस वर्षं बंद खोलीत, डोळे मिटलेल्या माणसांसमोर काम केलं, तिला स्वतःचा चेहरा झाकायची सवय कुठून असणार? आणि स्टोयना पातेल्यांकडे बघतच नव्हती. ती इतका वेळ डॉक्टरीणबाईंचा चेहरा बघत बसली होती.

"असं होय," स्टोयना हळूच म्हणाली. "वन्सं. घरातच होतं तर."

दाफिना मटकन बाकावर बसली. "मीच मारलं त्याला, वहिनी. माझ्या हाताने मारलं. दादा रोज अकराला यायचा. 'दाफिने, जीव जातोय गं भुकेने,' म्हणायचा. भाऊ आहे माझा, दारातून कशी पाठवू?"

"तुम्ही तर बोलत नव्हता! अक्रोडावरून!"

"आठवडाभर नव्हतो बोलत. मग तो म्हणाला, असंच राहू दे, म्हणजे स्टोयनाला शंका यायची नाही." दाफिनाने पदरासारखं रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. "त्या दिवशी सात खाल्ल्या त्याने. सात! आणि तासाभरात गेला. मला वाटलं, देवा, मशरूम निघू दे, माझी सारमी नको."

खोलीत आता कुणी हसत नव्हतं. स्टोयना भिंतीला टेकून उभी होती आणि सगळे जण वेसेलिनाकडे बघत होते, जणू निकाल तिनेच वाचायचा होता. तिने आयुष्यभर निकाल लिहिले होते. वाचून कधी दाखवला नव्हता. तिने ल्युबेनकडे बघितलं, तो मान हलवून 'बोल' म्हणाला.

"तुमच्या मोरीचा नळ बघितलाय का," ती सुरू झाली आणि स्वतःच दचकली. "म्हणजे, जुन्या घरातला. आतून वर्षानुवर्षं गंज चढत जातो. बाहेरून पाणी येत असतं, आपल्याला पत्ता नसतो. मेतोदीभाऊंची नळी वीस वर्षं अशी बुजत आली होती. सारमी सुरू व्हायच्या आधीपासून, आणि कोंबडी सुरू व्हायच्याही आधीपासून. ज्या दिवशी गुठळी अडकायची त्या दिवशी ती अडकली. त्या दिवशी पोटात काय आहे, हे तिने विचारलं नाही." तिने श्वास घेतला. "दाफिनाताई, सात सारम्यांनी माणूस मरत नाही. मी बघितलंय. माझ्याकडे सतरा खाऊन आलेला एकजण होता, तो विजेच्या धक्क्याने गेला होता. आणि स्टोयनामावशी, तुमच्या कोंबडीने हे हृदय दोन-तीन वर्षं जास्त चाललं असेल. ते कमी नाही."

"म्हणजे मी नाही मारलं?" दाफिनाने विचारलं.

"कुणीच नाही. ट्रॅक्टरवर चाळीस वर्षं बसून डुकराची चरबी पावाला लावून खाल्ली त्यांनी. त्यांना विचारा."

दाफिना हमसून हमसून रडायला लागली. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. स्टोयना मात्र तिथेच उभी. आता ही नणंदेच्या गळ्यात पडणार की गळा धरणार, कुणालाच कळेना.

"सात वर्षं," ती म्हणाली. "सात वर्षं मी त्या माणसासमोर बसून बिनमिठाची कोंबडी खाल्ली! त्याला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून. मला कुणी सांगितलं होतं? माझ्या हृदयाला काय झालंय? नाताळला, ईस्टरला, शेजारी भाजलेल्या डुकराचा वास सुटायचा आणि मी आपली कोंबडी चोखत बसायची, आणि हा गृहस्थ दोन गल्ल्या पलीकडे जाऊन…" तिला पुढे बोलवेना. ती तरातरा टेबलाशी गेली, दाफिनाचं पातेलं ओढून पुढ्यात घेतलं आणि खाली बसली. एक सारमी खाल्ली, दुसरी खाल्ली. तिसरीला थांबून म्हणाली, "मीठ जरा जास्त झालंय, वन्सं."

"रडत रडत केली ना," दाफिना म्हणाली.

"आलुबुखार घालायला काय झालं होतं?"

"पकडली गेले असते ना, वहिनी!"

आधी पाद्रीबाबांच्या खांद्यांना हिसका बसला, मग ल्युबेनच्या, आणि मग साऱ्या घरालाच हसू आवरेना. चाळिसाव्याच्या दिवशी असं हसणं बरं दिसत नाही, म्हणून लोक तोंडाला रुमाल लावून हसले. त्सोलोआजोबांना कळलं नाही काय झालं, पण सगळे आनंदात दिसताहेत हे बघून त्यांनी आणखी दोन सारम्या वाढून घेतल्या. बाकीच्या तेराजणींनी वेसेलिनाला काही तसं सोडलं नाही. आमची चाखलीच नाहीत, म्हणून प्रत्येकीने एकेक वाढली. ल्युबेनला येताना गाडी ताशी तीसने चालवावी लागली, कारण त्याहून जास्त तिच्या पोटाला सोसवेना.

सोमवारी तिने गिन्काला समोर बसवून अशी झापली की गिन्का तीन दिवस बसमध्ये गप्प होती. चौथ्या दिवशी बोलली, पण हवामानाबद्दल. आणि वेसेलिनाने दारावर एक पाटी लावली. गुरुवारी दहा ते अकरा, नातेवाइकांसाठी. त्या तासाला ती ॲप्रन काढून ठेवायची, कॉफी करायची, आणि ज्यांचा माणूस गेला त्यांना बसवून सांगायची, काय झालं, किती वेळ लागला, दुखलं असेल का. पहिल्या दिवशी आलेल्या म्हाताऱ्याला तिने नळाचा दृष्टान्त दिला, तर तो निघाला प्लंबर. त्याने अर्धा तास तिच्या मोरीच्या जोडणीतल्या चुका काढल्या, मग डोळे पुसले आणि म्हणाला, "बरं झालं बाई, कळलं. इतके दिवस मी भलतंच धरून बसलो होतो."

लोक यायला लागले. तिची आई त्या वेळी नव्वदीला टेकली होती. तिने एकदा गुरुवारची रांग बघितली आणि शेजारणीला म्हणाली, "हृदयाच्या डॉक्टरकडेच एवढी गर्दी असते."

एकाहत्तराव्या वर्षी वेसेलिना निवृत्त झाली. त्याआधी सोफियाहून दोन तरुण डॉक्टर तिच्या जागी आले होते. एकाला तळघर सोसलं नाही आणि दुसऱ्याला गिन्का. निरोपाच्या समारंभात इस्पितळाचे संचालक भावनेच्या भरात म्हणाले, "बाई, ह्या विभागाचे दरवाजे तुमच्यासाठी सदैव उघडे आहेत. आज ना उद्या तुम्ही परत इथे याल, अशी आम्ही आशा करतो." सभागृहातल्या अर्ध्या लोकांनी छातीवर क्रॉसची खूण केली, आणि बिचारे संचालक कागद उलटसुलट करत राहिले.

आता ल्युबेन सकाळी डॅन्यूबवर गळ टाकून बसतो. मासे मिळतात, पण जेवण चारच्या आत होत नाही. साफ करायचं काम वेसेलिनाचं, आणि एकेका माशाला तिला पाऊण तास लागतो. "हा बघ, ह्याला यकृताचा त्रास होता. ही मादी, तीन वर्षांची, अंगावरची जखम जुनी, बहुतेक पाइक माशाने चावलेली." ल्युबेन काटा-सुरी हातात धरून टेबलाशी बसलेला असतो. "वेसे, मला भूक लागलीय गं. तो कशाने मेला हे मला ठाऊक आहे. मीच पकडला त्याला." ती मान वर न करता म्हणते, "ते तुझं मत झालं," आणि पुढचा मासा उघडते.